देव कोणाच्या रूपाचा ?

वेस्ट इंडीजमधील जमैका बेटांत जटा वाढविणारे व इथिओपियाच्या एका बादशहास देव मानणारे लोक आहेत. त्यांना रास्ताफारी म्हणतात. जटा आणि गांजा एवढेंच पाहून त्यांना हंसणारे पुष्कळ आहेत. पण हा पंथ कोणत्या दुःखांतून निघाला, हें आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं समजून घेण्याजोगें आहे.

इंग्रजांनीं हें बेट १६५५ सालीं घेतलें आणि उंसाच्या मळ्यांसाठीं आफ्रिकेंतील माणसें गुरांसारखीं विकत आणलीं. १८३८ सालीं गुलामगिरी पुरती संपली. पण चांगली जमीन मळेवाल्यांकडेच राहिली, आणि चर्चमधला देवही गोराच राहिला. ज्याच्या देवाचें तोंड मालकासारखें, त्यानें मालकापुढें मान वर कशी करावी ?

या प्रश्नाला मार्कस गार्वे यानें हात घातला. हा गवंड्याचा मुलगा, छापखान्यांत काम शिकलेला. काळ्यांनीं देव आपल्याच रूपांत पाहावा, असें तो शिकवी. पुढें २ नोव्हेंबर १९३० रोजीं रास तफारी हा हैले सेलासी या नांवानें इथिओपियाच्या गादीवर बसला. बहुतेक आफ्रिका गोऱ्यांच्या टाचेखालीं, आणि हा काळा राजा स्वतंत्र ! बायबलांतला तारणहार तो हाच, असें लेनर्ड हॉवेल १९३३ पासून गांवोगांव सांगूं लागला. सरकारनें १९३४ सालीं त्याला राजद्रोहाबद्दल दोन वर्षें तुरुंगांत घातलें. १९४० सालीं त्यानें पिनॅकल येथें वसाहत केली. ती १९५४ सालीं पोलिसांनीं उध्वस्त केली. देश स्वतंत्र झाल्यावरही, १९६३ सालीं कोरल गार्डन्स येथील दंग्यानंतर, निरपराध रास्ताफारींना मारझोड झाली. त्याबद्दल सरकारनें माफी मागितली ती २०१७ सालीं !

जुलमी राज्याला हे लोक बॅबिलॉन म्हणतात. पुष्कळजण मांस व मीठ वर्ज्य करतात. 'आम्ही' म्हणण्याऐवजीं 'मी आणि मी' म्हणतात. कारण तुझ्यांत व माझ्यांत एकच देव आहे. गांजा ते प्रार्थनेंत ओढतात. १८४५ पासून हिंदुस्थानांतून तेथें करारानें मजूर नेले. गांजा हा शब्द त्यांच्याबरोबरच गेला. गांजाची तरफदारी आम्ही करीत नाहीं. पण एका व्यसनाकडे बोट दाखवून साऱ्या धर्माला वेडा ठरविणें हा न्याय नव्हे.

आम्हांस खटकतें तें दुसरेंच. देव म्हणून त्यांनीं राजा निवडला ! खुद्द गार्वेनें १९३७ सालीं या बादशहावर सडकून टीका केली होती. त्याच्या राज्यांत कुळें जमीनदारांच्या खंडाखालीं पिचत होतीं. १९७३ च्या दुष्काळांत हजारों शेतकरी अन्नावांचून मेले, आणि १९७४ सालीं त्याची गादी गेली. राजाचा रंग आपला झाला म्हणून कुळाचा खंड कमी होत नाहीं.

पण या लोकांचा खरा ठेवा त्या राजापाशीं नाहींच. ज्याला गुरांच्या मोलानें विकलें, त्याच्या नातवानें 'देव माझ्यांत आहे' असें म्हणावें, ही लहान गोष्ट नव्हे. त्यांच्याच शिकवणीप्रमाणें देव जर प्रत्येकांत आहे, तर तो ऊंस तोडणाऱ्यांतही आहे. मग त्याला सिंहासनाची गरज काय ?