परभणीचं कृषी विद्यापीठ ड्रोन शिकवतंय, पण शिकलेल्यांसाठी सरकारी जागा आहे का?

'सरकारी नोकरी' म्हटलं की डोळ्यांसमोर येते फायलींची चळत. आणि 'नवं तंत्रज्ञान' म्हटलं की आठवतात पुणे, बंगळुरूच्या खासगी कंपन्या. पण परभणीचं उदाहरण पाहिलं तर हे समीकरण उलटं दिसतं. इथलं संशोधन सरकारी पैशावर उभं राहिलं आणि देशभरातल्या शेतात पोहोचलं. आता याच सरकारी व्यवस्थेत ड्रोन, रोबोट आणि एआय आले आहेत. प्रश्न आहे तो ही यंत्रं चालवणाऱ्या माणसांच्या नोकऱ्यांचा.

परभणीनं काय शोधलं?

परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये सुरू झालं. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचं नाव आहे. मराठवाड्यातले आठही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

विद्यापीठाचं सर्वांत गाजलेलं काम म्हणजे 'परभणी क्रांती' ही भेंडी. भेंडीवर पडणारा केवडा, म्हणजे पानं पिवळी पाडणारा विषाणूजन्य रोग, अख्खं पीक बसवतो. इथल्या शास्त्रज्ञांनी 'पुसा सावनी' या तेव्हाच्या लोकप्रिय वाणाचा एका रानभेंडीशी संकर केला आणि रोगाला दाद न देणारा वाण तयार केला. १९८०च्या दशकात आलेली ही भेंडी महाराष्ट्राबाहेरही पसरली. तो सरळ वाण असल्यानं शेतकऱ्याला घरचं बी ठेवता येतं, दरवर्षी नवी पिशवी विकत घ्यावी लागत नाही.

दुसरं उदाहरण २०१८ मधलं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेसोबत विद्यापीठानं 'परभणी शक्ती' ही ज्वारी आणली. साध्या ज्वारीत किलोमागे साधारण ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असतं. या वाणात ते अनुक्रमे ४५ आणि ३२ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे रोजच्या भाकरीतूनच जास्त पोषण.

हे खासगी कंपनीनं का केलं नसतं?

कारण साधं आहे. जे बी शेतकरी घरी ठेवू शकतो, त्यात कंपनीला दरवर्षीचा धंदा नाही. शिवाय एक वाण तयार व्हायला अनेक वर्षं लागतात. इतकी वर्षं थांबायचं, तर पगाराची हमी असलेला शास्त्रज्ञ लागतो आणि कायमचं प्रक्षेत्रही लागतं. काम तिथंच संपतही नाही. विषाणू बदलतो आणि वाणाची ताकद घटत जाते. परभणी क्रांतीचंही अनेक भागांत तसंच झालं. म्हणून संशोधन अखंड चालू ठेवावं लागतं.

आता नवीन काय?

जागतिक बँक आणि केंद्र सरकार यांच्या पैशातून राबवलेल्या कृषी उच्च शिक्षण प्रकल्पात परभणीला डिजिटल शेतीचं केंद्र मिळालं. रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रं हा त्याचा विषय. त्यानंतर जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केलं. त्यासाठी पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. राज्यातली चारही कृषी विद्यापीठं या धोरणात धरलेली आहेत.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण जागांची. प्रकल्पातून यंत्रं येतात, पण प्रकल्पाला मुदत असते. त्यावर नेमलेले संशोधन सहायक कंत्राटी असतात. मुदत संपली की माणूस जातो आणि त्याचा अनुभवही जातो. कायम पदांना मात्र राज्य सरकारची मंजुरी लागते, आणि कृषी विद्यापीठांतल्या रिक्त पदांचा प्रश्न जुनाच आहे.

दुसरी अडचण गावपातळीवरची. मे २०२५ मध्ये राज्यभरातल्या कृषी सहायकांनी आंदोलन केलं. त्यांची एक मागणी होती लॅपटॉपची. कामं ऑनलाइन झाली, पण ती करायची कशावर, हा त्यांचा सवाल होता. पदनाम बदलावं, हीही मागणी होती. पुढे ते 'सहायक कृषी अधिकारी' असं झालं. म्हणजे धोरणात एआय आलं तेव्हा बांधावर जाणारा कर्मचारी साधा लॅपटॉप मागत होता.

तिसरी अडचण विद्यार्थ्यांची. कृषी पदवी घेतलेली अनेक मुलं थेट एमपीएससीच्या तयारीला लागतात. त्यात त्यांची चूक नाही. तहसीलदार व्हायचा रस्ता त्यांना दिसतो. ड्रोन शिकून सरकारी सेवेत कुठल्या पदावर जायचं, हे मात्र कुणी सांगत नाही, कारण तसं पदच ठळकपणे दिसत नाही.

तरुणांपुढे पर्याय काय?

ड्रोन चालवण्याचा परवाना मिळवायला दहावी पास आणि वय १८ ते ६५ ही अट आहे. प्रशिक्षण मात्र डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतच घ्यावं लागतं. कृषी पदवीधरानं अवजारं भाड्यानं देणारं केंद्र काढलं, तर ड्रोनच्या किमतीच्या ५० टक्के, कमाल ५ लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद केंद्राच्या योजनेत आहे. अर्ज करण्याआधी चालू वर्षाचे नियम तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावेत. संशोधनाची आवड असेल, तर पीएच.डी.नंतर केंद्राच्या कृषी शास्त्रज्ञ भरतीची परीक्षा हा रस्ता आहे.

पण फवारणीचं भाडं घेणं हा व्यवसाय झाला. केवड्याला तोंड देणारी पुढची भेंडी त्यातून येणार नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं एकाच विषयावर काम करणारी माणसं लागतील. त्यामुळे ५०० कोटींचा हिशेब तपासताना किती ड्रोन घेतले, एवढंच विचारून भागणार नाही. किती कायम पदं भरली, हेही विचारावं लागेल.