नकाशातला माणूस

घर बांधताना आपण विटा, सिमेंट आणि पैशांचा हिशेब करतो. पण प्रत्येक नकाशात आणखी एक गोष्ट आधीच गृहीत धरलेली असते: माणूस म्हणजे काय, याविषयीची कल्पना. तत्त्वज्ञान ग्रंथांत राहते असे आपण समजतो. खरे तर ते भिंतींतही राहते.

पवनाकाठचे चिंचवड मोरया गोसावींच्या समाधीभोवती वाढले. अशा जुन्या गावांतल्या वाड्यात मधोमध चौक आणि भोवती ओसऱ्या असत. माणूस एकटा नसतो, तो कुटुंबाचा असतो, हा त्यामागचा विचार. त्याच विचाराने बाईला माजघरात ठेवले आणि कित्येकांना गावकुसाबाहेर, हेही विसरू नये.

1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, कारखाने आले आणि 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण. निगडी-आकुर्डीकडच्या ‘सेक्टर’ या शब्दाचे कूळ चंडीगडपर्यंत जाते. ते शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिए यांनी घराला राहण्याचे यंत्र मानले होते. 1933 मध्ये त्यांच्या पंथातील वास्तुरचनाकारांनी निवास, काम, विरंगुळा आणि वाहतूक अशी शहराची चार कामे वेगळी मांडली. विचार कोरडा खरा. पण चाळीतल्या एका खोलीतून आलेल्या कामगाराला त्याने उजेड, वारा आणि दारापुढे झाड दिले.

चाकणला मात्र तिसराच विचार दिसतो. कारखान्यांच्या प्रचंड छपरांच्या आसपास भाड्याच्या लहान खोल्या आहेत. एक पाळीला निघाला की दुसरा त्याच जागेवर आडवा होतो. येथे माणूस म्हणजे पाळीतला एक आकडा. हे तत्त्वज्ञान कोणी लिहिले नाही. ते भाड्याच्या हिशेबातून आपोआप तयार झाले.

बँकेत असताना गृहकर्जासाठी आलेले शेकडो नकाशे मी पाहिले. त्यांत क्षेत्रफळ होते, किंमत होती. शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायला ओटा आहे का, यासाठी रकाना नव्हता.

दुसरा मार्ग नाही असे नाही. चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला सामाईक अंगणाभोवती छोटी घरे रचली. प्रत्येक घराला गरजेप्रमाणे वाढायला जागा ठेवली. माणूस वाढतो आणि त्याला शेजार लागतो, एवढेच त्यांनी गृहीत धरले.

चाकणच्या पुढच्या आराखड्यात रस्त्यांची रुंदी ठरेलच. त्याआधी पाळी संपवून परतणाऱ्या मुलाने कोठे बसायचे, हे ठरवायला हवे. नाहीतर आपण गाव वसवणार नाही, नुसती मनुष्यबळाची गोदामे बांधू.