जनावर मोकाट असलं तरी मालक मोकळा नाही



मागच्या पावसाळ्यात आमचा दीड वर्षाचा गोऱ्हा रात्री दावं तोडून गेला. मला कळलं होतं, पण पाऊस चालू, म्हटलं सकाळी बघू. पहाटे फोन आला. शेजारच्या गावचा पोरगा दूध घालायला मोटारसायकलवर निघाला होता, डांबरीवर बसलेल्या गोऱ्ह्यावर जाऊन आदळला. खांद्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्याचा खर्च मी दिला. दोघा-तिघांनी कानात सांगितलं, "बिल्ला काढून टाक, माझा नाहीच म्हण." मी नाही काढला. त्याचा बाप माझ्यासारखाच कोरडवाहूवाला.

पावसाळ्यात रान ओलं, गोठ्यात चिखल, माश्या. डांबरी कोरडी आणि उबदार, म्हणून जनावर तिथं बसतं. काळं किंवा तांबडं जनावर गाडीच्या उजेडात जवळ येईपर्यंत दिसत नाही.

आता कायदा. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं बंदोबस्त केला नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कलम २८९ मध्ये दंड हजारापर्यंतच होता. जखमी माणूस भरपाईचा दिवाणी दावा करू शकतो, तो वेगळा. शिवाय १८७१ च्या गुरांच्या कायद्यानं रस्त्यावर भटकणारं जनावर पोलिसांना धरून कोंडवाड्यात घालता येतं. दंड आणि चाऱ्याचा खर्च भरल्याशिवाय ते सुटत नाही.

पण कोंडवाडा आहे कुठं? बऱ्याच गावांत नुसत्या भिंती उभ्या आहेत. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये हायवेवरची जनावरं हटवायला सांगितलं. हटवून ठेवायची कुठं, चारा कोण घालणार, हे गावपातळीवर कुणीतरी ठरवायला पाहिजे.

दुसरी अडचण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. नांगरटीला ट्रॅक्टर आला, गोऱ्ह्याला काम उरलं नाही. २०१५ पासून राज्यात बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. बाजारात गिऱ्हाईक नाही, दावणीला चारा नाही. मग काहीजण रात्री बिल्ला कापून जनावर लांब सोडून येतात. आपली अडचण खरी आहे, सरकारकडं भांडायलाच पाहिजे. पण तो पोरगा काही कायदा करायला गेला नव्हता. आपल्या अडचणीचा खर्च त्याच्या हाडांनी का भरायचा?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मालकावर जबाबदारी पाहिजेच. त्याबरोबर चालू कोंडवाडा आणि भाकड जनावराच्या चाऱ्याची सोय पण पाहिजे. नुसता दंड वाढवला तर कापलेले बिल्ले वाढतील.

तोवर आपल्या हातातलं करू. दावं आणि खुंटा पावसाळ्याआधी बदला. गळ्यात रेडियमचा पट्टा बांधा, शिंगांनाही रेडियमची पट्टी चिकटवा. बिल्ला पडला तर दवाखान्यातून नवा मारून घ्या. आणि जनावर सुटलं तर सकाळची वाट बघू नका. त्या रात्री मी बॅटरी घेऊन उठलो असतो, तर त्या पोराचा सगळा हंगाम घरात बसून गेला नसता.

तुमच्या गावातला कोंडवाडा चालू आहे का? खाली लिहा. ग्रामसभेत विषय मांडायचा आहे.