अभियांत्रिकीची खरी प्रवेश परीक्षा

बारावीचा निकाल लागला की सोलापुरातील मध्यमवर्गीय घरांत एकच खल सुरू होतो : अभियांत्रिकीची कोणती शाखा घ्यावी? गुण, शुल्क आणि नोकरी यांचा हिशेब मांडला जातो. परंतु या विद्येची मुलाला मुळात गोडी आहे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर पहिल्या वर्षाच्या यामिकी या विषयात मिळते. तोवर शुल्क भरून झालेले असते आणि प्रसंगी कर्जही काढलेले असते.

एखादी वस्तू भोवतालापासून मनाने वेगळी करावी, तिच्यावरील प्रत्येक बल आकृतीत दाखवावे आणि मगच समीकरण मांडावे, हे यामिकीचे मर्म होय. भिंतीला टेकलेल्या शिडीवर माणूस जसजसा वर चढतो, तसतसा ती घसरण्याचा धोका का वाढतो? येथे पाठ केलेले सूत्र पुरत नाही. कोणते बल नजरेतून सुटले, ते शोधावे लागते.

भीमेवरील, 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचेच पाहा. भिंतीमागील पाण्याची खोली दुप्पट झाली की तळाचा दाब दुप्पट होतो. हा वाढता दाब दुप्पट उंचीच्या भिंतीवर पडत असल्याने एकूण रेटा चौपट होतो. शिवाय तो रेटा दुप्पट उंचीवरून लागू होत असल्याने भिंतीला उलथवू पाहणारा जोर आठपट होतो. ही साखळी स्वतः पडताळून पाहावी असे ज्याला वाटते, त्याने खुशाल या वाटेला जावे.

राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत मात्र भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. तेथे चपळाईची कसोटी लागते, चिंतनाची नव्हे. पुढे यामिकीत मुलगा अडखळला की दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो. वस्तुतः उणीव सवयीची असते. संगणक शाखेला याचा काय उपयोग, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु गुंतागुंतीतून नेमका प्रश्न वेगळा काढण्याची शिस्त तेथेही अटळच आहे.

बोगदे, जहाजे, विमाने आणि मोटारी यांच्या उद्योगांत उतरलेले वालचंद हिराचंद सोलापूरचेच. त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालयही येथे 1983 पासून आहे. अशा शहरातील महाविद्यालयांनी अकरावीच्या मुलांसाठी सुटीत आठवडाभर यामिकीचे वर्ग चालविले, तर खर्च फारसा येणार नाही. प्रवेशापूर्वीचा एक आठवडा पुढची चार वर्षे वाचवू शकेल.