12 पगार, 13 रिचार्ज

मंगळवारची सकाळ, डेडलाइन डोक्यावर आणि मोबाइलवर अनोळखी नंबर. क्रेडिट कार्डवाले असणार म्हणून मी सरळ कट केला. परत तोच नंबर. तिसऱ्यांदा वैतागून उचलला.

'अगं, मी बाबा. शेजारच्या पेशंटच्या मुलाच्या फोनवरून बोलतोय. ओटीपीच येत नाहीये.'

सांगलीतल्या हॉस्पिटलचं काउंटर. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, पैसे भरायचे आणि बाबांचा फोन ढिम्म! रिचार्ज संपून बरेच दिवस झाले होते. पण घरात ब्रॉडबँड, त्यामुळे व्हॉट्सअॅप झकास चालू. सकाळचे गुड मॉर्निंगसुद्धा वेळेवर. सिम झोपलंय हे कळणार कसं?

मी पुण्यातून रिचार्ज मारला. दोन मिनिटांत ओटीपी आला, आई आत गेली, सगळं छान झालं. पण त्या दोन मिनिटांत माझं जे झालं ते विचारू नका.

संध्याकाळी बाबांनी गुगली टाकला. 'मी महिन्यात मोजून तासभर बोलतो. इंटरनेट घरी आहे. मग हे रोजचं दीड जीबी मी कुणासाठी विकत घेतो?'

बाबांचा नंबर 2003चा. त्या वर्षी इनकमिंग फुकट झालं आणि आमच्या घरी पहिला हँडसेट आला. त्याआधी मोबाइल म्हणजे बड्या लोकांचं काम. 31 जुलै 1995ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, तेव्हा मिनिटाला 16 रुपयांपर्यंत मोजावे लागत आणि इनकमिंगलाही पैसे पडत! आमच्याकडे मिस्ड कॉलची भाषाच होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे दूध आणू का?

मग धमाल सुरू झाली. 2009मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदावर बिल लावलं आणि बाकीच्यांनाही मुकाट मागे जावं लागलं. एकेका सर्कलमध्ये डझनभर कंपन्या होत्या. 2011मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली. ग्राहक म्हणजे एकदम राजा! फेब्रुवारी 2012मध्ये सुप्रीम कोर्टानं 122 लायसन्स रद्द केली आणि गर्दी ओसरायला लागली. 5 सप्टेंबर 2016ला जिओ आलं. तोवर एक जीबी डेटाला साधारण अडीचशे रुपये पडायचे आणि आम्ही कॉलेजात तो पुरवून पुरवून वापरायचो. जिओनं मार्च 2017पर्यंत सगळं फुकट दिलं आणि 170 दिवसांत 10 कोटी ग्राहक जमवले. आपण सगळे जाम खूष.

पण या मारामारीत बाकीचे गारद झाले. कुणी दिवाळखोरीत गेलं, कुणी विकलं गेलं. 2018मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाले, तरी कर्जाखाली इतके दबले की 2023मध्ये सरकारच त्यांचं सर्वात मोठं भागीदार झालं. आता खासगी तीन आणि सरकारी बीएसएनएल. जुलै 2024मध्ये तिघांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. जिओचा 239चा पॅक 299 झाला. लोक चिडून बीएसएनएलकडे वळले. त्या महिन्यात तिन्ही खासगी कंपन्यांचे ग्राहक घटले. म्हणजे राजाला अजून थोडीफार किंमत आहे म्हणायची!

आणि तो 28 दिवसांचा महिना? 13 गुणिले 28 म्हणजे 364. आपले पगार बारा, त्यांचे रिचार्ज तेरा. 2022मध्ये ट्रायनं निदान एक प्लॅन 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेचा ठेवायला लावला. पण अॅप उघडल्यावर तो पहिल्यांदा दिसतो का, बघा तुम्हीच.

डेटा स्वस्त झाला हे खरंच. त्याच्याच जिवावर मी घरून काम करते, उगाच नावं कशाला ठेवू? पण नंबर आता नुसता बोलायचा राहिलेला नाही. बँक, गॅस, आधार, सगळं त्याला लटकलंय. रिचार्ज चुकला की माणूसच बंद.

बाबांच्या प्रश्नाला उत्तर आहे. डिसेंबर 2024मध्ये ट्रायनं नुसता कॉल आणि एसएमएसचा पॅक, 365 दिवसांपर्यंतच्या मुदतीचा, देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. तो मला अॅपमध्ये सापडला, बराच खाली, दहा-बारा डेटा पॅक ओलांडल्यावर. टाकला. आता वर्षभर चिंता नाही. या वीकेंडला घरी फोन कराल तेव्हा तब्येतीसोबत रिचार्जचीही चौकशी करा, प्लीज.

रविवारी आईला तपासणीला नेलं होतं. दुपारी बाबांचा मिस्ड कॉल आला. एक रिंग.

'बाबा, कॉल अनलिमिटेड आहेत आता!'

'ठाऊक आहे गं. पोचलो, एवढंच सांगायचं होतं.'