छडीच्या खाती जमा

कडक बापाशिवाय कलावंत घडत नाही, हे वाक्य परप्रांतातील मराठी मंडळांतून आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, आता ते आम्हांस एखाद्या जुन्या परिपत्रकासारखे वाटू लागले आहे. कोणी काढले, कोणत्या आधारावर काढले, हे कोणी विचारीत नाही. अंमलबजावणी मात्र चोख होते. गणेशोत्सवाच्या आधीच्या पंधरवड्यात सरकारी वसाहतीतून संध्याकाळी एक फेरी मारावी. एका खिडकीतून पेटीचा सूर येतो, दुसरीतून तबल्याचा ठेका, आणि त्या दोहोंवर ताण करणारा बापाचा आवाज. नऊ वर्षांची मुलगी तीच तान विसाव्यांदा घेते, सम हुकते, आणि त्यानंतर जे कानी पडते त्यास संगीत म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ कचेरीत चहा घेता घेता सांगतात, "आज दुखेल, पण उद्या नाव काढील." या "उद्या"विषयी आमचा त्यांच्याशी वाद आहे.

पुरावा म्हणून ते बेथोव्हेनचे नाव पुढे करतात. बॉनच्या दरबारात त्याचा बाप योहान गवई होता. बाकावर उभा राहून रडत रडत वाजविणारे पोर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आठवणींत नमूद आहे. २६ मार्च १७७८ रोजी कलोन येथे बापाने त्याची जाहीर बैठक लावली, तेव्हा सात वर्षे पुरी झालेल्या मुलाचे वय जाहिरातीत सहा छापले. हे सारे खरे. परंतु त्यास बाखच्या रचनांची गोडी लावली, त्याचे पहिले लेखन छापून आणविले आणि त्याची गुणवत्ता जगाच्या नजरेस आणली, ती नेफे नावाच्या शिक्षकाने. बापाने शेवटी दिले काय? दारूपायी घराची अशी दशा केली की, १७८९ साली अठरा वर्षांच्या मुलास बापाचा अर्धा पगार आपल्या हाती मिळावा म्हणून अर्ज करावा लागला. मार बापाचा, विद्या नेफेची, आणि श्रेय मात्र छडीच्या खाती जमा! असा जमाखर्च आमच्या कचेरीत कोणी मांडला असता तर लेखापरीक्षकाने त्यास उभे केले असते.

अधिक बोलका दाखला रूथ स्लेन्चिन्स्का हिचा आहे. १९२५ साली कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे ती जन्मली. पोलंडहून आलेला तिचा बाप व्हायोलिनवादक होता. मूल जन्मताच त्याने त्याचे भवितव्य ठरवून टाकले. चिमुरडीस दिवसाकाठी नऊ नऊ तास पियानोसमोर बसविण्यात येई. स्वर चुकला की, एक शब्द न बोलता गालावर चापट. सहाव्या वर्षी बर्लिनमध्ये ती वाजवून गेली, १९३३ साली न्यूयॉर्कमध्ये वाजविली, टीकाकारांनी तिला मोझार्टच्या पंक्तीस बसविले. खेळ नाही, सवंगडी नाहीत. टाळ्यांच्या मागे काय चालले आहे हे श्रोत्यांस ठाऊक नव्हते, आणि आम्हांस तर शंका येते की, ठाऊक करून घेण्याची त्यांस हौसही नसावी.

पुढे काय झाले, हे मात्र आमचे स्नेही सांगत नाहीत. पंधराव्या वर्षी तिने मैफली सोडल्या आणि पुढे विद्यापीठात मानसशास्त्र शिकू लागली. माझ्यावाचून तुला दोन सूरही वाजविता येणार नाहीत, असे बापाने बजावले होते. १९५०च्या दशकात ती स्वतःच्या पायांनी पियानोकडे परतली. १९५७ साली तिने आपल्या हिरावलेल्या बालपणाची कहाणी पुस्तकरूपाने मांडली, नंतर अनेक वर्षे एका विद्यापीठात शिकविले, आणि २०२२ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, तिची नवी ध्वनिमुद्रिका निघाली. बापाच्या धाकात वाजविलेली वर्षे मोजा आणि त्याच्याविना वाजविलेली मोजा. छडीने तिला पियानोपाशी आणले असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, छडीने तिला त्याच्यापासून तोडले, आणि ती परतली ती छडी गेल्यावर.

"ती विलायती उदाहरणे राहू द्या, मैहरचे काय?" असा प्रश्न येणार, हे आम्ही जाणून आहो. उस्ताद अलाउद्दीन खाँ यांच्या थोरवीविषयी आमच्या मनात तिळमात्र किंतु नाही. चिरंजीव अली अकबर यांस त्यांनी झाडाला बांधून मारल्याचे आणि उपाशी ठेवल्याचे रविशंकर यांनीच लिहून ठेवले आहे. आणि अली अकबर खाँ अलौकिक सरोदिये झाले, हेही कोणी नाकारीत नाही. पण त्याच घरात १९३८ साली अठरा वर्षांचे रविशंकर स्वतःच्या मनाने शिकावयास आले. त्यांच्यावर बाबांनी हात उगारला नाही. एकदा केवळ शब्दाने दुखावले, तर ते सामान बांधून निघाले होते, आणि बाबांनीच त्यांची समजूत घातली. अन्नपूर्णादेवींस शिकविण्याचे तर प्रथम बाबांच्या मनातही नव्हते; भावाची चूक ती आपणहून दुरुस्त करून दाखवीत असता त्यांनी ऐकले, असे सांगतात. घर एक, गुरू एक, विद्या एक. मार न खाता जर सितार साधली, तर सरोद माराने साधली असे कोणत्या न्यायाने म्हणावे? स्वतः बाबा तर लहानपणी संगीतासाठी घर सोडून पळाले होते. आमचे भीमसेनही १९३३ साली गदगहून तसेच गुरूच्या शोधात निघाले. त्यांच्या पाठीमागे छडी घेऊन कोण धावत होते?

आम्ही कारकून, तेव्हा थोडे कलमांचेही बोलू. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मास्तरांच्या हातची छडी काढून घेतली. २०१७च्या बालकामगार नियमांनी कार्यक्रमाच्या निर्मात्यास बजावले की, मुलाकडून दिवसाला ५ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून ३ तासांहून अधिक काम घेऊ नये, मिळकतीचा किमान २० टक्के हिस्सा त्याच्या नावे मुदतठेवीत ठेवावा, आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्यास उभे करू नये. घरातील रियाजास मात्र असे घड्याळ नाही. २०१५च्या बालन्याय कायद्याचे ७५वे कलम क्रौर्यास शिक्षा सांगते. परंतु १२ वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृत्यास भारतीय न्याय संहितेचे २७वे कलम काही मर्यादांत अभय देते. सद्भावना! वसाहतीतील प्रत्येक खिडकीआड तिचा साठा अपरंपार आहे.

आणि या सद्भावनेच्या तळाशी काय असते? आपली बदली चंदीगडला होते, मग गुवाहाटीला, मग भोपाळला. मुलांची शाळेची भाषा बदलते, घरची मराठी पातळ होते. मग वर्षातून एकदा मंडळाच्या रंगमंचावर आपल्या कन्येने नाट्यगीत असे गावे की, पुण्याहून आलेल्या पाहुण्याने मान डोलवावी. ती मान डोलली की आपण परके झालो नाही याची खातरजमा होते. आपली तुटलेली नाळ सांधण्याचे हे काम आपण नऊ वर्षांच्या गळ्यावर सोपवितो, आणि सम हुकली की तिला आपल्या बदल्यांची शिक्षा देतो.

म्हणून आमची मंडळांच्या कार्यकारिणीस विनंती आहे. बालगायन स्पर्धेच्या अर्जावर पालकाची सही घेताच, तसे मुलास बाजूला बोलावून, बाप समोर नसताना, गावयाचे आहे काय असे विचारावे. नाही म्हटल्यास नाव वगळावे आणि कारण कोणास कळवू नये. विंगेत पालकांस मज्जाव असावा. पहिला क्रमांक जाहीर करताना "श्री. अमुक यांची कन्या" असे न म्हणता मुलीचेच नाव पुकारावे. आमच्या मंडळापुढे हा ठराव आम्ही लेखी ठेवला आहे. त्यावर "पुढील सभेत पाहू" असा शेरा पडला आहे.