फायरवॉल बंद करून बघ!

नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत कुठल्याही घरात दोन कॉम्प्युटरमध्ये फाइल शेअर होत नसेल तर उपाय एकच मिळतो. "फायरवॉल बंद करून बघ." हार्डवेअरवाला हेच सांगतो, शेजारचा बीसीएवाला हेच सांगतो, युट्यूबवरचा दादा हेच सांगतो. आणि मंडळी, इंजिनियरिंगची डिग्री भिंतीवर टांगलेल्या मीही हेच सांगितलं होतं. मामाला, फोनवर.

मामा इंदिरानगरला घरूनच लोकांचे हिशोब लिहितो. टॅलीचा डेटा त्याच्या पीसीवर, मामी दुसऱ्या पीसीवर बसून तोच फोल्डर उघडते. राउटर बदलला आणि मामीला फोल्डर दिसेना. मी मीटिंगमध्ये होतो. "फायरवॉल बंद करून बघ, आणि फोल्डरला एव्हरीवन, फुल कंट्रोल देऊन टाक." दोन मिनिटांत चालू! मामा खूश, मी त्याहून खूश.

पाच मिनिटांपुरता बंद केलेला फायरवॉल दीड वर्ष बंदच राहिला. मग दिवाळीला मामेभाऊ हॉस्टेलवरून लॅपटॉप घेऊन आला. लॅपटॉपवर क्रॅक केलेला गेम, गेमसोबत फुकट आलेला रॅन्समवेअर. लॅपटॉप गेलाच, पण नेटवर्कवर जो फोल्डर सताड उघडा सापडला तोही लॉक झाला. शेवटचा बॅकअप जुलैचा. दोघांनी दोन महिने बसून व्हाउचर पुन्हा भरली. मला कोणी एक शब्द बोललं नाही, तेच जास्त लागलं.

आता मूळ घोळ काय होता ते ऐका, म्हणजे तुम्हालाही माझ्यासारखी स्वतःची चीड येईल. विंडोज प्रत्येक नेटवर्क वेगळं ओळखतं. राउटर बदलला की त्याच्या लेखी ते नवीन, अनोळखी नेटवर्क. अनोळखी म्हणजे 'पब्लिक', आणि पब्लिकमध्ये फाइल शेअरिंग बंद. बरोबरच आहे की! आपण एसटी स्टँडवर बसलोय असं समजून बिचारा दार लावून बसला होता. नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'पब्लिक'चं 'प्रायव्हेट' केलं असतं तर काम झालं असतं. एक क्लिक. घर आपलंच आहे एवढं सांगायचं सोडून आम्ही दारच काढून ठेवलं.

ही चैन किती महाग आहे ते इतिहासात लिहिलंय. २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म आला, नुसतं नेटला जोडलं की मशीन बाधित. एक्सपीत फायरवॉल होता, पण बाय डिफॉल्ट बंद. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला तेव्हा तो आपोआप चालू व्हायला लागला. म्हणजे आज फायरवॉल बंद करणारा माणूस वीसेक वर्षं मागे जातो, तेही हौसेने. पुढे मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला. फाइल शेअरिंगचा जो ४४५ नंबरचा पोर्ट, त्याच्याच एसएमबीमधल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टने पॅच मार्चमध्येच दिला होता, लोकांनी लावला नव्हता. जूनमध्ये नॉटपेट्याने तेच भोक वापरलं (शिवाय चोरलेले पासवर्डही), आणि मर्स्क कंपनीची यंत्रणा बसली तेव्हा आपल्या उरणजवळच्या जेएनपीटीमधल्या तिच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. कुठे युक्रेनमधलं अकाउंटिंग सॉफ्टवेअर, कुठे न्हावा शेवा!

यावर ठरलेलं उत्तर येतं, "राउटर आहे ना, बाहेरचं कोण येतंय आत?" अरे, मामाकडे बाहेरून कोणी आलंच नव्हतं! पोटचा पोरगा फराळाला आला होता. राउटर घराबाहेरच्यांना अडवतो, घरातल्या दोन मशीनमध्ये तो पडत नाही. त्यातून आयपीव्ही६ आलं की प्रत्येक मशीनला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, एनएटीचा आडोसाही राहत नाही. मग राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे का, हे शेवटचं कधी पाहिलंत?

दुसरा पंथ विकत घेणाऱ्यांचा. "कुठला फायरवॉल चांगला?" घरासाठी विंडोजमधलाच चांगला. दर दहा मिनिटांनी 'एसव्हीसीहोस्टला परवानगी देऊ का' विचारणारा पॉपअप काय कामाचा? तिसऱ्यांदा विचारल्यावर आपण न वाचता 'अलाऊ' दाबतो. मीही दाबतो.

मामाकडे आता मी काय केलंय सांगतो. नेटवर्क प्रायव्हेट. राउटरमध्ये मामीच्या पीसीला कायमचा आयपी, समजा १९२.१६८.१.२०. मामाच्या पीसीवर फायरवॉलच्या प्रगत सेटिंगमध्ये इनबाउंड रूल्स, तिथे फाइल शेअरिंगचा एसएमबी-इन रूल, त्याच्या 'स्कोप'मध्ये बाय डिफॉल्ट 'लोकल सबनेट' असतं, म्हणजे घरातलं कुठलंही यंत्र. ते काढून फक्त मामीचा आयपी टाकला. मामेभावाचा लॅपटॉप आता कितीही दारं वाजवो, आतून कडी. एव्हरीवन हाकललं, मामीच्या नावाचं वेगळं खातं काढून फक्त टॅलीच्या फोल्डरला हक्क दिले. एसएमबी१ बंद आहे ना ते तपासलं. पाहुण्यांना गेस्ट वायफाय. सगळं मिळून पाऊण तास, त्यात मामीचा चहा धरून.

उद्या मामीच्याच पीसीवर काही घुसलं तर हा फायरवॉल काही करणार नाही, तिला परवानगी आहेच. म्हणून दर शनिवारी बॅकअप घ्यायचा आणि डिस्क काढून कपाटात ठेवायची. आणि घरच्या फाइल ऑफिसातून हव्यात म्हणून राउटरवर ४४५ बाहेर उघडणाऱ्या शूरवीरांनो, व्हीपीएन नावाची गोष्ट असते हो.

काल गेलो तेव्हा मामाने नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला दिसला. त्यावरून आमचं भांडण अजून चालू आहे.